च्युइंगमचा गुण

ऑपरेशननंतर च्युइंगम चघळलं की भुलीनं सुस्तावलेली आतडी लवकर जागी होतात का, यावर अकोल्याचे डॉक्टर गौरांग अभ्यास करत होते. पोटाचं ऑपरेशन झालेल्या बशीरचाचांनाही त्यांनी च्युइंगम दिलं. गॅस सुटेपर्यंत चहा बंद.

सकाळी डॉक्टर वॉर्डात शिरले आणि चाचांच्या पडद्यामागून दणदणीत आवाज आला.

"वा चाचा! च्युइंगमनं काम केलं. आता प्या चहा!"

"मी कायनं चघळू, डॉक्टरसाब?" चाचा बोळक्या तोंडानं म्हणाले. "भूल द्याच्या आधी कवळी काढली, ते अजून बायकोच्या पिशवीत हाये. च्युइंगम तीच चघळून राह्यली."

"मग आत्ताचा आवाज?"

खाटेशेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, रहिमाबीनं तोंडावर ओढणी घेतली.



"गुण तर आला ना, डॉक्टरसाब!" चाचा म्हणाले.