केरबा उतरला नाही

"दाजी, चढ सपला बगा. बसा आता सायकलीवर," केरबा म्हणाला आणि टांग मारून पुढं निघालाही.

कृष्णात धापा टाकत होता. कराडची सडक सोडल्यापासून निम्मा रस्ता दोघांनी सायकली हातात धरूनच काढला होता. रस्ता जंगलखात्याचा. उन्हाळ्यात लाकडाच्या गाड्या यायच्या, एरवी चिटपाखरू नसायचं. दोन्ही अंगांनी कारवी माजलेली, मधे चाकोरीपुरती लाल माती. बेचाळीसच्या चळवळीपासून फरारी असलेल्या माणसाला याहून बिनधोक वाट कुठली सापडणार? आणि ती दाखवणारा तर बायकोचा सख्खा भाऊ.

आज लेकीचं बारसं होतं. सासुरवाडी खिंडीपलीकडं, उतार संपला की पहिलंच घर. पोरगी जन्मली तेव्हा कृष्णात कुणाच्या तरी माळ्यावर कडब्याआड दडून बसला होता. तिचं तोंड त्यानं अजून पाहिलं नव्हतं. ते पाहायचं म्हणून त्यानं सोबत्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि दाढीसुद्धा केली होती. फरारी माणसानं दाढी करावी म्हणजे कमालच झाली.

"नाक कुनाचं घेतलंय रं?" त्यानं मागून ओरडून विचारलं.

"तुमचंच. आन् रडनं बी तुमच्या भाषनावानीच. सगळी आळी जागी करतीया."

कृष्णात खळखळून हसला. केरबा हसला की नाही, ते मागून दिसलं नाही.

खिंडीच्या तोंडाशी म्हसोबा होता. शेंदूर फासलेला धोंडा आणि शेजारी येणाऱ्याजाणाऱ्यांनी रचलेला दगडांचा ढीग. गाडीत किंवा घोड्यावर बसून इथून कुणी पुढं जात नसे. गाडीवान बैल थांबवत, रेंजरसाहेबसुद्धा घोड्यावरून उतरत. वहाणा काढायच्या, एक दगड ढिगावर ठेवायचा, हात जोडायचे, मग पुढं. कृष्णात इंग्रज सरकारला मानत नव्हता, म्हसोबाला मात्र मानत होता. त्यात त्याला काही वावगं वाटत नसे.

तो उतरला. सायकल कारवीला टेकवून त्यानं वहाणा काढल्या. केरबाची सायकल मात्र देवासमोरून तशीच पुढं गेली.

"आरं केरबा, देव हाय! उतर की!"

केरबा उतरला नाही. मान खाली घालून तो उताराला लागला. तापानं फणफणलेला असतानाही गाडीतून उतरून दगड ठेवणारा केरबा! ब्रेक गेला असणार, दुसरं काय? भाड्याची सायकल, तिचा काय भरवसा. पुढची वळणं अवघड होती आणि एका अंगाला दरी.

त्यानं घाईघाईनं आपला दगड ढिगावर ठेवला. मग दुसरा उचलला.

"ह्यो केरबाचा," तो पुटपुटला. "चुकलं त्याचं, पदरात घे. नीट खाली जाऊ दे त्याला."

हात जोडून त्यानं डोळे मिटले. ते उघडायच्या आत जोडलेल्या मनगटांवर बेडी पडली.

कारवीतून शिपाई उठले होते. म्हातारा हवालदार बेडीची किल्ली खिशात टाकत म्हणाला, "हलू नगंस बाबा. बंदुका हायत, पर चालवायच्या न्हाईत. तसा शबुद दिलाय."

"कुनाला?"

"तुझ्या बायकुला."

कृष्णातनं बेडीला हिसका दिला.

"भावाला तिनंच धाडला ठाण्यावर. म्हनली, म्हसोबाम्होरं त्यो हात जोडतोच, तवाच धरा. पर गोळी घालायची न्हाई." हवालदारानं बेडीची साखळी शिपायांच्या हाती दिली. "गेल्या आठवड्यात एका फरारीचं मडं आमी गाडीत घालून तिच्या दारावरनं न्हेलं. तवाधरनं तिचं दूध आटलंय म्हनत्यात."

कृष्णातला वाटलं, त्या गाडीत आपणच असतो तर बरं झालं असतं. दुसऱ्या कुणी पकडून दिलं असतं तर तो घोषणा देत गेला असता. आता कुणाच्या नावानं ओरडायचं? वर्षभर ज्या घरची भाकरी त्यानं न भिता खाल्ली, त्या घरानंच त्याला बांधून दिलं होतं. तेही जिवाच्या काळजीनं. धड रागवायलासुद्धा जागा ठेवली नव्हती. केरबाचा दगड लाथेनं उडवावा असं त्याच्या मनात आलं, पण ढीग देवाचा होता. पाय उचलेना.

"बारसं तरी हाय का आज?" त्यानं विचारलं.

"आज कशाचं? परवाच झालं. घुगऱ्या खाल्ल्या की आमी."

"नाव काय ठिवलं?"

हवालदारानं शिपायांकडं पाहिलं. शिपायांनी एकमेकांकडं पाहिलं. घुगऱ्या सगळ्यांनी खाल्ल्या होत्या, नाव कुणीच विचारलं नव्हतं.

खाली वळणावर केरबा सायकल धरून उभा होता. ब्रेक शाबूत होता. गोळीचा आवाज येतो की काय, ते ऐकायला थांबला असावा. कृष्णात दरीच्या कडेला धावला. शिपायांनी मागून साखळी ताणून धरली.

"केरबा! पोरीचं नाव काय ठिवलं रं?"

हाक पोचली. केरबानं टांग मारली आणि एवढ्या उतारालाही तो जोरजोरानं पायडल मारत निघून गेला.