चौदाव्या रांगेतली खुर्ची

नाशिकच्या त्या अधिवेशन केंद्रातल्या मोठ्या सभागृहात बाराशे खुर्च्या आहेत. माणूस उठला की खुर्चीची बैठक आपोआप वर मिटते. चौदाव्या रांगेतली कोपऱ्यातली एक तेवढी मिटत नाही.

तिची स्प्रिंग दोनदा बदलून झाली. केंद्र सुरू झाल्यापासून इथं झाडलोट करणाऱ्या सुरगाण्याच्या भागीबाईला आता तिच्याकडे बघायचाही कंटाळा आला होता. रोज दुपारी त्या खुर्चीखाली झाडू कशाला तरी अडे आणि ती वळसा घालून पुढे जाई.

आज सुपरवायझर महेशनं पाहुण्यांना सभागृह दाखवलं. आधी इथं द्राक्षबाग होती, हेही सांगितलं. पाहुणे जाताच तो भागीबाईवर घसरला.

"मावशी, कामाच्या वेळी त्या चौदाव्या रांगेतल्या खुर्चीत तुम्हीच बसता ना? खाली कचरा तसाच. उद्यापासून दुसरी बाई बघतो मी."

"अकरा वर्सं झाली साहेब, कधी पाठ टेकली नाय."

"मग झाडा माझ्यासमोर."

तिचे गुडघे ठणकत होते, वाद घालायचं त्राण नव्हतं. ती खुर्चीपाशी वाकली. झाडू अडला. भरल्या सभागृहात झाडताना लोकांना म्हणायची तसं सवयीनं तोंडून निघालं, "पाय घ्या वर."

रिकामी खुर्ची करकरली. झाडू अलगद पलीकडे गेला.

भागीबाईनं कचरा ओढून घेतला, कंबर सरळ केली आणि नेहमीसारखं म्हणाली, "ठेवा आता."

लाकडी जमिनीवर एक पाय टेकल्याचा आवाज आला. मग, दिवसभर बागेत राबलेल्या माणसाचा टेकतो तसा, सावकाश दुसरा.