शून्य ओळी

“चौथ्यांदा तेच चित्र दाखवतायत. मी काय बालवाडीत आहे का?” वॉर्डनबाई शेजारच्या डेटावालीच्या कानाशी पुटपुटल्या. पुटपुटणं असं, की टेबलापलीकडच्या संचालकांनाही नीट ऐकू जावं.

भिंतीवरच्या पडद्यावर सात घरं, सात बाण आणि मधोमध एक कुलूप. संस्थेची निवारागृहं सात. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायका तिथे राहतात. संगणकावरच्या तक्त्यात प्रत्येकीची एक ओळ: नाव, वय, मुलं, कोणतं घर, कितवी खोली. ज्या घरचे कर्मचारी, त्यांना त्याच घरच्या ओळी दिसाव्यात, हा नियम डेटावालीने स्वतः लिहिला होता.

“तर नियम चोख आहे,” संचालक म्हणाले. “मंगळवारचा प्रकार दुर्दैवी. संबंधित कर्मचाऱ्याला निलंबित केलंय. आता तुम्ही पाच वाजेपर्यंत त्या बाईचा नवा पत्ता तक्त्यात भरलात, की विषय संपला.”

“तुमचा संपेल. माझा प्लास्टरमध्ये आहे.”

संबंधित कर्मचारी दुसऱ्या एका निवारागृहाच्या ऑफिसात महिन्याचे रिपोर्ट करायचा. सगळे त्याला दादा म्हणत. कोणाचं कपाट हलवायचंय, कोणाच्या मुलाला शाळेतून आणायचंय, दादा हजर. मंगळवारी भर दुपारी हा दादा स्वतःची बायको जिथे लपली होती त्या वॉर्डनबाईंच्या निवाऱ्याच्या फाटकात उभा राहिला. खोलीचा नंबरसुद्धा त्याला पाठ होता. ती मुलीला कडेवर घेऊन मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाली. तिच्या घोट्याचा चुरा झाला. मुलीला खरचटलंही नाही, इतकं तिने तिला वरच्या वर धरलं होतं.

त्याच संध्याकाळी वॉर्डनबाईंनी दोघींना हलवलं. कुठे, ते एकट्या त्यांनाच माहीत होतं, आणि ते सांगायची त्यांची तयारी नव्हती.

“मला एवढंच दाखव,” त्या डेटावालीकडे वळल्या. “त्याच्या जागी बसून तिला शोध. त्याला काय दिसायचं ते बघू दे.”

डेटावालीने तो काम करायचा त्या निवारागृहाचा अधिकार लावला, तिचं नाव टाकलं. पडद्यावर उमटलं: शून्य ओळी.

“मंगळवारीही हेच दिसलं असतं?”

“हो, काकू.”

“मग त्याला काय स्वप्न पडलं?”

संचालकांनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. “तांत्रिक त्रुटी होती. सापडली, दुरुस्त झाली. अहवालात तसं लिहिलंय.”

“अहवाल तुम्ही वाचा. तू बोल गं.”

डेटावालीने चष्मा काढून हातात धरला. “हा तक्ता बाहेरचा आहे, काकू. म्हणजे ओळी आमच्या सिस्टिममध्ये नसतातच. प्रत्येक घरून रोज एक फाइल येते, त्या फाइली क्लाउडवर एका फोल्डरमध्ये पडून असतात. तक्ता तिथून वाचून दाखवतो. नियम तक्त्यावर आहे. तक्त्यातून बघणाऱ्याला तो अडवतो.”

“आणि कोणी थेट फोल्डरच उघडलं तर?”

“तर सातही घरांच्या सगळ्या ओळी.”

“कोणाला उघडता येतं?”

“मला. आणि ज्यांना परवानगी दिलीय त्यांना.”

“तक्ता फार हळू चालायचा,” संचालक घाईघाईने मध्ये पडले. “रिपोर्ट खोळंबत होते, म्हणून फोल्डर उघडून द्यायची तात्पुरती सोय केली होती. कागदोपत्री सगळं आहे.”

तात्पुरती म्हणजे आठ महिने.

वॉर्डनबाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. “ती आली त्या दिवशी मी हिला फोन केला होता. म्हटलं, नव्या बाईचा नवरा आपल्याच नोकरीत आहे, त्याची सगळी दारं बंद कर. तू म्हणालीस, केली.”

“केली होती. तक्त्याची.”

“आणि फोल्डरचं?”

डेटावालीने हातातला चष्मा टेबलावर ठेवला.

“नजरचूक,” संचालक म्हणाले. आवाज एकदम मायाळू झाला होता. “एकटी मुलगी सगळा डेटा सांभाळते. कामाच्या रगाड्यात एखादी गोष्ट विसरतं माणूस. विसरलीसच ना?”

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. साहेबांनी सगळं हातात आणून दिलं होतं: तिची नोकरी, त्यांची खुर्ची, अहवालातला एक शब्द. तो मायाळू आवाज डेटावालीच्या डोक्यात गेला. आठ महिन्यांत तिच्याशी ते असं बोलले नव्हते.

“विसरले नव्हते,” ती म्हणाली. “परवानग्यांची यादी समोर उघडी होती. त्याचं नाव तिसरं. मी तुम्हाला विचारलं, काढू का? तुम्ही म्हणालात, अगं, दादा आहे तो, उगाच त्याचं काम अडेल. आणि मला ते पटलं.”

“हे इथे बोलायचं कारण नाही.”

“कुठे बोलू मग? तिच्या प्लास्टरवर लिहून येऊ?” ती उभी राहिली. “आपण तिला खोली दिली, कपडे दिले, तक्त्यात ओळ दिली. काकू, तुमचं मला माहीत नाही, पण दादा मारतो असं ती सांगत होती, ते ह्या ऑफिसात एकालाही खरं वाटलं नव्हतं. मलाही नाही. मला वाटलं, बाई थापा मारतेय.”