गणपतीपुरता अध्यक्ष

पश्चिम आफ्रिकेतल्या एका मेजरची हकीकत पेपरात आली होती. रेडिओ स्टेशन ताब्यात घेऊन तो म्हणाला होता, "सहा महिन्यांत निवडणूक घेतो आणि बराकीत परत जातो." त्याला आता नऊ वर्षं झाली होती. मेजरचा जनरल झाला, जनरलचा राष्ट्राध्यक्ष झाला, पण बराकीची वाट काही त्याला सापडेना.

भिलाईच्या आपल्या क्वार्टरमध्ये बाबाराव हे मोठ्यानं वाचून खो खो हसले. "पाह्य वं शीला, खुर्ची कशी चिपकते मानसाले!"

"अन् तुमी?" शीलाताई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "अठ्ठ्याहत्तरात अध्यक्षसाहेबाची बोकारोले बदली झाली, तं गणपतीपुरते मंडळाचे अध्यक्ष झालते. हा दहावा गणपती हाये."

बाबारावांना ते लागलं. स्टील प्लांटच्या ऑफिसात वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. त्यांनी तिथल्या तिथे कागद ओढला आणि माननीय अध्यक्षांच्या नावे रीतसर राजीनामा लिहिला. खाली सही केली, तारीख घातली. मग अध्यक्ष या नात्यानं तो स्वतःच दोनदा लक्षपूर्वक वाचला.



आणि कोपऱ्यात लाल शाईनं शेरा मारला : "मंडळाच्या व्यापक हितास्तव नामंजूर."