भोवऱ्याचं नाव

"थांबवतंय गं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी काचेच्या दोन बशा तिच्यासमोर सरकवल्या.

डावीकडच्या बशीत जांभळे ठिपके खच्चून भरले होते. एकेक ठिपका म्हणजे कर्करोगाच्या पेशींची वस्ती. उजवीकडची बशी जवळजवळ कोरी होती. तिच्यातल्या पेशींना ताईंनी भोवरा नावाचं प्रथिन दिलं होतं आणि त्यांची वाढ जागच्या जागी थांबली होती.

"तिसऱ्यांदा करून पाहिलं. तेच." ताई वयाने मोठ्या, प्रयोगशाळेत सगळ्यांच्याच ताई. "आपल्याला ते गाठीत सापडलं ना, तिथे ते बिघडलेलं होतं. आपण इतकी वर्षं मोडकंच प्रथिन घेऊन बसलो आणि म्हटलं, हे कर्करोग वाढवतं. धडधाकट असलं की ते पहारा देतं. अगं, औषध निघेल यातून! जरा हस की."

तिला हसू येईना. उजवीकडची बशी सिंकमध्ये उपडी करावी असं तिच्या मनात येऊन गेलं आणि ती स्वतःलाच घाबरली.

भोवरा हे नाव तिनेच ठेवलं होतं. ते तिने सोडलेल्या नवऱ्याचं टोपणनाव. तो गायक. मंचावर गरगर फिरत गायचा, म्हणून लोक त्याला भोवरा म्हणायचे. पोटातलं मूल गेलं तेव्हा घरात जीव गुदमरायला लागला, म्हणून ती आठवड्याभरात कामावर परतली होती. त्याने त्यावर गाणं केलं. काळीज फ्रीजमध्ये ठेवून कामाला जाणाऱ्या बाईचं. ठेका झकास होता. ते दुकानांत वाजलं, लिफ्टमध्ये वाजलं, तिच्या पाठीमागे तिच्याच सहकाऱ्यांनी गुणगुणलं. त्या एका गाण्यावर तो मोठा झाला आणि तिला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मग हे प्रथिन सापडलं. कुणाचं न ऐकणारं, शेजाऱ्यांच्या जिवावर माजणारं. नाव काय ठेवायचं याचा तिने क्षणभरही विचार केला नाही. परिषदेत कुणी विचारलं की नावामागची गोष्ट ती रंगवून सांगायची आणि अख्खं सभागृह खदाखदा हसायचं. तो सूड होता आणि तो तिला गोड लागत होता. खोटं कशाला बोला?

आता तोच माणूस पाठ्यपुस्तकांत जाणार होता. औषधाच्या खोक्यावर छापला जाणार होता. पहिला निकाल आला तेव्हाच तिने नाव ठरवणाऱ्या समितीला विचारून पाहिलं होतं. समितीने कोरडं उत्तर दिलं. ज्याचं नाव आहे त्याने हरकत घेतली तरच बदलू, तुमची मर्जी फिरली म्हणून नाही.

आणि ताईंनी बशा दाखवल्या त्याच दुपारी तो आला. खालून पहारेकऱ्याने फोन केला, पाठोपाठ तो स्वतःच दारात. केसांना रंग, डोळ्यांवर काळा चष्मा. ताई बाटल्या धुण्याच्या निमित्ताने सिंकपाशी गेल्या.

"शुक्रवारी नवा अल्बम येतोय," तो म्हणाला. "कंपनी अडून बसलीय. माझं नाव शोधलं की आधी कर्करोग येतो, मग मी. ते नाव काढ."

"इतकी वर्षं का नाही आलास?"

"तुझ्या दारात नाक घासायला?" चष्मा काढून त्याने डोळे चोळले. "त्या गाण्याचं... तसं करायला नको होतं मी."

तिच्या आत काहीतरी सैल झालं. हे ऐकायलाच तर ती थांबली होती. सांगून टाकावं, बस म्हणावं, बघ हे काय निघालंय. तिने बशीकडे हात नेलाही.

"पण खरं सांगू?" तो म्हणाला. "त्यामुळे तुलाही चार लोक ओळखायला लागले की."

तिने हात मागे घेतला.

"समितीला तुलाच लिहावं लागेल," ती म्हणाली. "माझं नाव या प्रथिनाला कधीही, कोणत्याही कारणाने लावू नये, असं लिही. आत्ताच मेल कर."

तो दोन्ही अंगठ्यांनी भराभर लिहू लागला.

"अहो, पण ते प्रथिन..." ताईंनी वळून तोंड उघडलं.

"ताई, नळ बंद करा ना," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "नीट विचार कर. नंतर मागितलंस तरी मिळायचं नाही."

"मागतोय कोण!" तो हसला आणि त्याने बटण दाबलं. "गेली बघ."

तो जायला वळला. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा दिसत होता. दारापाशी जाऊन म्हणाला, "तुझे उपकार जन्मात विसरणार नाही."

"नकोच विसरूस. आम्हीही शुक्रवारीच जाहीर करतोय," ती शांतपणे म्हणाली. "ते प्रथिन कर्करोग वाढवत नाही. थांबवतं. लोकांचे जीव वाचतील त्याने."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हातातल्या फोनकडे. मग सिंकपाशी उभ्या असलेल्या ताईंकडे.

"ताई," त्याने हळूच विचारलं, "पाठवलेली मेल परत घेता येते का हो?"