चिंचेखालची विहीर

"ही चिंच तुम्ही पानांसकट काढलीत?" सुचेताने भिंग नकाशावर धरलं.

"तशी गरज नव्हती खरं तर," दत्ताराम पुटपुटले.

सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या जेवणाच्या टेबलावर १९६१ चा पेणकरपाडा पसरला होता. भातशेतं, मिठागरांचे बांध, बैलगाडीची वाट. आज ते बसले होते तिथे नकाशात नुसतं खाजण होतं.

"काका, अभ्यासकाला हा पुरावा आहे आणि चित्रकाराला चित्र," सुचेता म्हणाली. ती जुन्या नकाशांच्या संग्रहालयातून आली होती. "खुणा खऱ्या निघाल्या तर तुमची नकाशांची अख्खी पेटी घेऊ. एखादी खोटी निघाली, तर मात्र आमचे साहेब ऐकायचे नाहीत."

आतून सुनेने, नीलमने विचारलं, "बाबा, त्या पेटीसाठी रद्दीवाल्याला रविवारी बोलावू ना?"

"चला," सुचेता उठली. "ही चिंचेखालची विहीर बघून येऊ."

दत्तारामांनी चपला घातल्या.

तिथे विहीर नव्हतीच. तीन महिन्यांचं काम संपता संपता टाकातून शाईचा थेंब पडला होता. खरवडला तर ट्रेसिंगचं कापड फाटलं असतं. त्यांनी थेंबाभोवती वर्तुळ काढलं आणि विहिरीची खूण केली. भूमापन कचेरीतल्या त्यांच्या साहेबांनी सही केली. एक छापील प्रत गावच्या शाळेतही लागली. त्यानंतर त्रेचाळीस वर्षं ते पेणकरपाड्याला गेले नव्हते.

रिक्षात बसल्यावर त्यांनी ते सांगून टाकलं, बाहेर बघत.

"म्हणजे खोटी?"

"हो."

सुचेताने वही मिटली. मग म्हणाली, "निघालोच आहोत, तर चिंच तरी बघू."

इमारतींच्या दाटीत वाट सापडेना. दत्तारामांनी मनातल्या नकाशावरून दोन वळणं सांगितली. चिंच होती. जुनी, वाकलेली.

आणि तिच्याखाली विहीर होती. दगडी काठाची. काठावर झेंडूची दोन फुलं.

दत्तारामांनी काठाला हात लावून पाहिला.

"काय बघताव, बाबा?" पाणी शेंदणाऱ्या म्हातारीने विचारलं.

"कोणी... कोणी बांधली ही, आजी?"

"आमच्या दाजींनी. मालक माझं." म्हातारीने कळशी काठावर टेकवली. "बहात्तर साली दुष्काळ पडला. प्यायाला थेंब न्हाय. तवा त्यांनी शाळेतला नकाशा उतरवला. बोलले, सरकारी कागदावर हितं विहीर हाय, बुजली असंल. समदा पाडा सात दिवस खणत व्हता."

तिने तांब्या भरून दत्तारामांपुढे धरला.

"जुनी विहीर काय गावली न्हाय. पन पानी लागलं. गोड."