मूठभर जुना भुसा

काचेच्या पेटीत मी वीतभर उंच नवा भुसा भरून तळव्याने दाबला. हॅमस्टरला बीळ करायला एवढा लागतोच. पण बुंदी त्यात उतरेना. नखांनी काच ओरबाडत ती नुसती सैरावैरा पळत होती.

"बाबा, जुना भुसा कुठाय?" ऋताचा आवाज चिरकला. "त्यातला मूठभर ठेवायचा असतो. तिला वासावरूनच घर कळतं. आता ती मरेल."

जुना भुसा माझ्या बहिणीने टाकून दिला होता. ऋताच्या आईचं तेरावं काल झालं, म्हणून ताई सकाळपासून सगळं घर धूत होती. पडदे, चादरी, ही पेटीसुद्धा.

मी तसाच जिना उतरलो आणि सोसायटीच्या कचऱ्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. सुकलेले हार, कालच्या पत्रावळी, आणि अगदी तळाशी ती पिशवी. भुशाला उग्र दर्प येत होता. मी ती छातीशी धरून वर आलो.

मूठभर भुसा पसरताच बुंदीने त्यात नाक खुपसलं आणि बघता बघता ती आत दिसेनाशी झाली. ऋताने कितीतरी वेळाने श्वास सोडला. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, आईची उशी?"

गॅलरीत दोरीवर अभ्रा निथळत होता. "दोनदा धुतला रे," ताई म्हणाली.

मी धावत जाऊन त्यात नाक खुपसलं. साबणाचाच वास आला. मागे ऋता उभी होती, मी काय सांगतो त्याची वाट बघत.